परभणी जिल्ह्यातील हाली सिक्का : ओळख, प्रतवारी, टांकसाळदोष आणि मूल्यनिर्धारण

प्रस्तावना :

नाणे हे इतिहासाचे सर्वांत छोटे व विश्वसनीय साधन मानले जाते. ताम्रपट, शिलालेख व दप्तरे ही राजसत्तेची आणि मोजक्या घराण्यांची साधने होत. नाणे मात्र राजवाड्यापासून आठवडी बाजारापर्यंत सर्वांच्या हातून फिरते. परभणी जिल्ह्यातील अनेक जुन्या घरांत देवघराच्या डब्यात, धान्याच्या कणगीत किंवा आजीच्या गाठोड्यात चारमिनारची आकृती असलेले रुपये, चवल्या व आणे आजही जपून ठेवलेले असतात. सर्वसामान्य लोक त्यांना 'निजामाचे पैसे' म्हणतात. मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात त्यांचे नाव 'हाली सिक्का' असे आहे.

या नाण्यांवर सध्या दोन बाजूंनी आघात होत आहे. एकीकडे चांदीचा भाव वाढला की ती सराफाकडे वजनावर जातात व वितळवली जातात. दुसरीकडे जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचल्या असून त्यांच्या मोहात सापडलेली माणसे प्रत्यक्षात स्वतःचेच पैसे गमावतात. हे दोन्ही प्रकार एकाच अज्ञानातून उद्भवतात. हातातील नाणे कोणते, कोणत्या अवस्थेतील आणि किती दुर्मिळ आहे, हे ठरविण्याची रीत सर्वसामान्यांना ठाऊक नाही. विद्यार्थी व पालक अशा वेळी महाविद्यालयातील प्राध्यापकांकडेच नाणे घेऊन येतात. म्हणून ही रीत प्राध्यापकवर्गाला परिचित असणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती :

१) हाली सिक्क्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी परभणी जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करणे.
२) नाण्याची ओळख, खरेपणा व प्रत ठरविण्याच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
३) खरे टांकसाळदोष आणि नंतर झालेली वा केलेली विकृती यांतील भेद सांगणे.
४) मूल्यनिर्धारणाची तत्त्वे व त्यासंबंधीच्या कायदेशीर मर्यादा मांडणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी : हाली आणि कलदार

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणीची उत्तर सीमा वऱ्हाडाला भिडत होती. ही सीमा नाण्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८५३ पासून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे होता, त्यामुळे पैनगंगेपलीकडे इंग्रजी रुपया चाले व अलीकडे निजामाचा. यंत्रावर पाडलेल्या इंग्रजी रुपयास लोक 'कलदार' म्हणत. निजामाच्या चालू नाण्यास 'हाली' हे नाव पडले. 'हाल' म्हणजे वर्तमानकाळ, आणि 'हाली' म्हणजे सध्या चलनात असलेले. मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत त्याला 'उस्मानिया सिक्का' असेही म्हटले जाई.

संस्थानाच्या नाण्यांचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे १८५७ च्या उठावापर्यंत, निजामाची नाणी मोगल बादशहाच्या नावाने पडत होती. दुसऱ्या टप्प्यात बादशहाचे नाव जाऊन 'निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर' ही पदवी आली. मात्र नाणी बहुतांशी हातोड्यानेच पाडली जात. १८९५ मध्ये टांकसाळीत युरोपीय धर्तीची यंत्रसामग्री आली आणि १९०३ मध्ये टांकसाळ हैदराबादच्या सैफाबाद भागात नव्या इमारतीत गेली. त्याच सुमारास, हिजरी १३२१ पासून, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी चारमिनार छापाची नाणी सुरू केली. हा तिसरा टप्पा होय. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९११ पासून तोच छाप पुढे चालविला.

हाली व कलदार यांच्या विनिमयाचा दर पुढे सात हाली रुपये बरोबर सहा कलदार असा स्थिरावला; शंभर कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा त्याचा हिशेब होता. हे गुणोत्तर नाण्यातील चांदीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. चारमिनार रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम व त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. सात हालींत ६४ ग्रॅम आणि सहा कलदारांतही ६४ ग्रॅमहून किंचित अधिक चांदी येते. सात-सहाच्या हिशेबामागे धातूचे असे वास्तव होते.

१९५० पासून संस्थानी चलन भारतीय रुपयासोबत समांतर चालले आणि १९५९ मध्ये ते पूर्णपणे बंद झाले. त्या वेळी बदलून न घेतलेली नाणी घरातच राहिली. आज परभणी, पाथरी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, सोनपेठ, पालम व पूर्णा या तालुक्यांतील घरांत जी चारमिनार नाणी आढळतात, ती मुख्यतः या काळाचा अवशेष आहेत.

२. नाण्याची ओळख

नाण्याची ओळख म्हणजे ते कोणी, कोठे, कधी व कोणत्या दर्शनी किमतीचे पाडले हे निश्चित करणे. चारमिनार नाण्यावरील मजकूर फारसी लिपीत असल्याने तो अनेकांना अगम्य वाटतो. परंतु पुढील पाच खुणा लक्षात ठेवल्यास लिपीचे पूर्ण ज्ञान नसतानाही ओळख पटविता येते.

अ) दारातील अक्षर : चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. ते 'मीम' असेल तर नाणे महबूब अली खान यांचे आणि 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांचे. ही दोन्ही अक्षरे त्या त्या निजामाच्या नावाची आद्याक्षरे होत. उस्मान अली खान यांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर 'ऐन' अपुरे कोरलेले आढळते व नंतर ते पूर्ण दिसते. हा ठशातील बदल आहे. त्यास टांकसाळीची चूक समजू नये.

आ) ९२ हा आकडा : चारमिनारच्या वर ९२ हा अंक असतो. अनेक जण त्यास वर्ष समजतात. अरबी अक्षरांना संख्यामूल्य देण्याच्या 'अबजद' पद्धतीनुसार 'मुहम्मद' या नावातील अक्षरांची बेरीज (४० + ८ + ४० + ४) ९२ होते. तो श्रद्धेचा संकेत आहे, कालगणनेशी त्याचा संबंध नाही.

इ) हिजरी वर्ष : चारमिनारच्याच बाजूस चार आकडी हिजरी वर्ष असते. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी अंक डावीकडून उजवीकडे वाचावयाचे असतात. शून्य केवळ टिंबासारखे, ७ वर उघडलेल्या कोनासारखा आणि ८ खाली उघडलेल्या कोनासारखा असतो. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्यामुळे त्यात ठरावीक संख्या मिळवून इसवी सन निघत नाही. हिजरी वर्षास ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. १३३७ ला ०.९७ ने गुणल्यास सुमारे १२९७ येतात. त्यात ६२२ मिळविले की १९१९ हे वर्ष मिळते. प्रत्यक्षात हिजरी १३३७ हे १९१८-१९ मध्ये येते. या रूपांतराची माहिती नसल्याने '१३३७ सालचे, सातशे वर्षांपूर्वीचे नाणे' असा गैरसमज होतो आणि विक्रेतेही त्याचा लाभ उठवितात.

ई) राज्यवर्ष : पृष्ठभागावर मध्यभागी दर्शनी किंमत आणि भोवती राज्यारोहणाचे वर्ष व टांकसाळीचे नाव असते. हैदराबादचा उल्लेख 'फर्खुंदा बुनियाद', म्हणजे शुभ पायावर उभारलेले, या बिरुदासह येतो. उस्मान अली खान यांच्या नाण्यांत हिजरी वर्षातून १३२९ वजा केले असता साधारणपणे राज्यवर्ष मिळते. एखाद्या वर्षाचा फरक स्वाभाविक असतो. फरक फार मोठा असल्यास नाणे बारकाईने तपासावे, कारण बनावट नाणी करणारे दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू अनेकदा एकत्र करतात.

उ) धातू व आकार : रुपया, आठ आणे, चार आणे व दोन आणे ही नाणी चांदीची असून त्यांवर चारमिनार आहे. तांब्याच्या लहान नाण्यांवर चारमिनारऐवजी 'तुघ्रा', म्हणजे गुंफलेल्या अक्षरांची नक्षी, असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली. इंग्रज सरकारने १९४० मध्ये रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि हैदराबादनेही हिजरी १३६१ (१९४२) पासून तोच मार्ग धरला. त्यानंतर लहान नाणी निकेलची व काशाची झाली. चौकोनी आणा आणि भोक असलेली दोन पै ही या उत्तर काळातील नाणी परभणी परिसरातील ज्येष्ठ मंडळींच्या स्मरणात आहेत. दोन पैचे भोक टांकसाळीतच पाडलेले असे. त्यास दोष मानण्याचे कारण नाही.

३. खरेपणाची परीक्षा

ओळख पटल्यानंतर नाणे खरे की ओतीव नक्कल हे पाहावे लागते. प्रथम वजन करावे. झिजलेला रुपया ११.१७८ ग्रॅमपेक्षा किंचित हलका भरणे स्वाभाविक आहे. परंतु तो स्पष्टपणे जड भरल्यास डाग दिलेली कडी, आतील भरणा किंवा बनावट धातू यांची शंका घ्यावी. नंतर चुंबक लावून पाहावा. चांदीचे नाणे चुंबकास चिकटत नाही, निकेलचे मात्र चिकटते. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेषा राहते.

सर्वांत निर्णायक आणि नाण्यास अपाय न करणारी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची होय. कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संवेदनशील तराजूवर ती करता येते. पाण्याचे भांडे तराजूवर ठेवून वजन शून्य करावे. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे सोडावे की ते तळाला वा बाजूंना लागणार नाही. तराजूवर वाढलेले वजन हे बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन होय. नाण्याच्या हवेतील वजनास या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.४९ व तांब्याचे ८.९६ धरल्यास ८१.८ टक्के चांदी व उरलेले तांबे असलेल्या रुपयाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.१७ येते आणि पाण्याचे वजन सुमारे १.१० ग्रॅम भरते. ५० टक्के चांदीच्या रुपयात हेच आकडे सुमारे ९.६७ आणि १.१६ ग्रॅम असे येतात. सारख्याच वजनाचे दोन रुपये चांदीच्या प्रमाणात किती भिन्न आहेत, हे ओरखडाही न काढता अशा रीतीने सिद्ध होते. कसोटीवर घासून किंवा आम्ल टाकून पाहण्याची सराफी पद्धत दागिन्यास चालते. संग्राह्य नाण्याची ती हानी करते.

४. प्रतवारी

प्रतवारी म्हणजे नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर किती झिजले याचे मोजमाप. संग्राहकांत 'गुड', 'व्हेरी गुड', 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन', 'अबाउट अनसर्क्युलेटेड' व 'अनसर्क्युलेटेड' या चढत्या प्रती रूढ आहेत. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली; पुढे ती सर्व नाण्यांना लावली जाऊ लागली. पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या अमेरिकन संस्थांनी नाणे तपासून, प्रत ठरवून, बंद पेटीत देण्याची पद्धत रुजविली. आज भारतीय बाजारातही अशा पेट्या दिसतात.

येथे एक भाषिक सूचना आवश्यक आहे. 'गुड' या शब्दाचा सामान्य अर्थ 'चांगले' असला तरी प्रतवारीत 'गुड' नाणे म्हणजे जेमतेम ओळखता येणारे, अतिशय झिजलेले नाणे. विक्रेत्याने 'गुड' म्हटल्यावर ग्राहकाने हुरळून जाण्याचे कारण नाही.

चारमिनार रुपयात झीज प्रथम उठावदार भागांवर दिसते. मिनारांवरील बारीक नक्षी, कमानीच्या कडा आणि दारातील अक्षर हे भाग भिंगाखाली पाहावेत. नक्षी पूर्ण व मूळ चकाकी कायम असेल तर नाणे 'अनसर्क्युलेटेड'. चकाकी गेली पण सर्व बारकावे शिल्लक असतील तर 'एक्स्ट्रीमली फाइन'. उठावदार भाग किंचित सपाट झाले परंतु अक्षरे ठसठशीत असतील तर 'व्हेरी फाइन'. नक्षी बरीच गेली तरी वर्ष व अक्षर निःसंशय वाचता येत असेल तर 'फाइन'. वर्ष वाचता येत नसेल तर प्रतीची चर्चाच संपते, कारण वर्षाविना दुर्मिळता ठरत नाही.

झिजेखेरीज इतर हानीचाही विचार करावा लागतो. परभणी व हिंगोली परिसरातील बंजारा तांड्यांवर स्त्रियांच्या पारंपरिक दागिन्यांत व पोशाखात रुपये गुंफण्याची प्रथा होती. अशा नाण्यास पाडलेले भोक किंवा दिलेला डाग संग्राहकाच्या दृष्टीने दोष ठरतो व किंमत उतरते. परंतु समाजशास्त्र व लोकसंस्कृतीच्या अभ्यासकास तोच दागिना अखंड स्वरूपात अधिक मोलाचा असतो. कडी तोडून रुपया सुटा केल्यास नाणे सुधारत नाही आणि दागिनाही जातो.

सर्वांत मोठी हानी स्वच्छतेच्या हौसेने होते. चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून नाणे घासले की ते क्षणभर चकाकते. मात्र त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली काळसर छटा हे नाण्याचे संरक्षण आहे व जाणकार तिला मान देतात. नाणे नेहमी कडेने धरावे, आवश्यक वाटल्यास साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे आणि कोरड्या कागदी पाकिटात स्वतंत्र ठेवावे. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या कालांतराने हिरवट चिकट थर सोडतात, म्हणून त्या टाळाव्यात.

५. टांकसाळदोष

टांकसाळदोष समजण्यासाठी नाणे कसे घडते हे पाहणे आवश्यक आहे. धातूची पट्टी लाटून तिच्यातून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. चकतीची कड उचलली जाते व ती तापवून मऊ केली जाते. नंतर खालचा ठसा, वरचा ठसा व भोवतीचे कडे यांच्यामध्ये ती दाबली जाते आणि एकाच आघातात दोन्ही बाजू व कड उमटतात. या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर विशिष्ट चूक संभवते. म्हणून एखाद्या विकृतीचा खरेपणा तपासताना 'ही टांकसाळीत कोणत्या टप्प्यावर घडली असेल?' हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळत नसेल तर ती विकृती टांकसाळीबाहेरची आहे.

चकतीचे दोष : पट्टीवर आधी कापलेल्या भोकावर कापणीयंत्र पुन्हा पडल्यास चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशा खाचेच्या बरोबर समोरची कडही किंचित अस्पष्ट उमटते, कारण तेथे दाब नीट बसत नाही. घरी कानसीने केलेल्या खाचेसमोर कड ठसठशीत राहते. चुकीच्या धातूच्या किंवा मापाच्या चकतीवर पडलेले नाणे याच वर्गात येते. त्याचा पुरावा नेहमी वजनात मिळतो.

ठशाचे दोष : ठशाला तडा गेला तर नाण्यावर उठावाची बारीक रेषा येते. रेषा उठावाची असेल तर ती ठशातील तडा. खोलगट असेल तर तो नंतरचा ओरखडा. हा साधा नियम अनेक वाद मिटवितो. ठसा फिरल्यास दोन बाजूंची दिशा जुळत नाही. प्रजासत्ताक भारताचे नाणे उभ्या अक्षावर फिरविले असता दुसरी बाजू सरळ दिसली पाहिजे. दहा-पंधरा अंशांचा फरक सामान्य समजला जातो. नव्वद वा एकशे ऐंशी अंशांचा फरक मात्र उल्लेखनीय होय.

आघाताचे दोष : चकती मध्यभागी न बसल्यास आकृती एका बाजूस सरकते व दुसऱ्या बाजूस कोरी चंद्रकोर राहते. एकाच चकतीवर दोनदा आघात झाल्यास दुहेरी आकृती येते. सर्वांत लक्षवेधी दोष 'ब्रॉकेज' हा होय. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले की पुढील चकतीवर त्याच नाण्याचा ठसा उमटतो. परिणामी एका बाजूस नेहमीची आकृती आणि दुसऱ्या बाजूस तीच आकृती उलटी व खोलगट दिसते. दोन नाण्यांमध्ये तिसरे ठेवून हातोडा मारल्यास असाच आभास निर्माण करता येतो. परंतु त्यात मूळ आकृती चेपली जाते, नाणे पसरते आणि खोलगट ठसा उथळ व असमान येतो.

हातोड्याने पाडलेल्या नाण्यांना हे निकष लागू होत नाहीत. चारमिनारपूर्व निजामी रुपयांत किंवा मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईत ठसा मोठा व चकती लहान असे. त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेरच राही. ती त्या काळच्या उत्पादनाची सर्वसामान्य रीत होती. अशा नाण्यास 'सरकलेले दुर्मिळ नाणे' म्हणून विकणे ही दिशाभूल आहे.

टांकसाळचिन्हांबाबतही असाच संभ्रम आहे. सैफाबादची टांकसाळ १९५० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली आणि १९९७ मध्ये उत्पादन चेर्लापल्ली येथे गेले. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर वर्षाखाली असणारा पाच टोकांचा तारा हे हैदराबादचे चिन्ह आहे. मुंबईचे चिन्ह चौकट, नोएडाचे ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसते. चिन्हाचा अभाव म्हणजे चूक नव्हे. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' अक्षर आढळते. ती नाणी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पाडून घेतली होती. तेही दोषाचे लक्षण नाही.

६. मूल्यनिर्धारण

नाण्याचे मूल्य खरेपणा, दुर्मिळता, प्रत, मागणी व नोंदलेला पूर्वेतिहास या पाच गोष्टींवर ठरते. केवळ वय हा स्वतंत्र निकष नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे शिशाचे किंवा मिश्रधातूचे सामान्य नाणे अल्प किमतीत मिळू शकते, तर विसाव्या शतकातील एखाद्या विशिष्ट वर्षाचे नाणे फार महाग असू शकते.

चांदीच्या रुपयाची किमान किंमत त्यातील धातूवरून काढता येते. ८१.८ टक्क्यांच्या रुपयात ९.१४ ग्रॅम व ५० टक्क्यांच्या रुपयात ५.५९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या प्रतिग्रॅम भावाने या आकड्यास गुणले की तळाची रेषा मिळते. सराफ घट धरून यापेक्षा कमी देतो. सामान्य वर्षाचा, झिजलेला चारमिनार रुपया या रेषेच्या फार वर जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निकेलच्या उत्तरकालीन नाण्यांना तर मौल्यवान धातूचा आधारही नाही. त्याच रुपयाचे दुर्मिळ वर्ष किंवा 'अनसर्क्युलेटेड' प्रत मिळाल्यास किंमत धातूच्या कित्येक पट होते. म्हणून सराफाकडे जाण्यापूर्वी वर्ष वाचणे आवश्यक आहे. वितळलेल्या नाण्याचे वर्ष पुन्हा वाचता येत नाही.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते. संकेतस्थळावर कोणीही कोणताही आकडा लिहू शकतो. विश्वसनीय आधार म्हणजे लिलावात त्याच वर्षाच्या व त्याच प्रतीच्या नाण्यास प्रत्यक्ष मिळालेली बोली. तीही एक नसून अनेक असाव्यात. छापील सूचीतील किमती तुलनेसाठी उपयुक्त असतात, परंतु त्या विक्रेत्याच्या विक्रीभावाच्या जवळ असतात. विकणाऱ्या गृहस्थास त्याहून कमी मिळते.

टांकसाळदोषांच्या किमतीचेही हेच. उघड्या डोळ्यांना दिसणारा, स्पष्ट व निःसंशय दोष मोलाचा ठरतो. किंचित फिरलेला ठसा, भरलेले अक्षर किंवा अस्पष्ट अंक असलेली नाणी मुबलक असतात व त्यांना दर्शनी किमतीपलीकडे फारसे मोल नसते.

७. फसवणूक आणि कायदा

वैष्णोदेवी मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ मध्ये काढलेल्या पाच व दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असा प्रचार वर्षानुवर्षे चालू आहे. ही नाणी चलनासाठी काढलेली असून सहज आढळतात. फसवणुकीचा साचा ठरलेला असतो : प्रथम मोठ्या किमतीचे आमिष, नंतर नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली यांच्या नावाने आगाऊ रकमेची मागणी. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट केले की, जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार बँक करीत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. नाणे विकणाऱ्याने खरेदीदारास आधी पैसे देणे ही गोष्टच व्यवहाराच्या स्वरूपाशी विसंगत आहे.

कायद्याच्या दोन तरतुदी प्राध्यापकांनी जाणून घ्याव्यात. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेल्या स्वरूपात सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. गोदावरीकाठच्या शेतात नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना सापडलेले नाण्यांचे मडके या कायद्यात येते. घरात वारशाने आलेली नाणी त्यात येत नाहीत. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते. ते परदेशी पाठविण्यास मनाई आहे व त्याच्या व्यापारासाठी परवाना लागतो. महबूब अली खान यांची सर्व आणि उस्मान अली खान यांच्या पहिल्या दशकातील नाणी आज या व्याख्येत बसतात.

८. महाविद्यालयांची भूमिका

एखादे चारमिनार नाणे बाजारात सामान्य ठरले तरी ते परभणी जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन म्हणून सामान्य ठरत नाही. मात्र त्यासाठी ते कोठे व कोणाकडे होते याची नोंद हवी. सेलू-मानवतसारख्या बाजारपेठांत हाली व कलदार यांचे प्रमाण काय होते, पैनगंगेकाठच्या गावांत वऱ्हाडी व्यवहारामुळे कलदार अधिक साठविले गेले काय, १९४२ नंतरच्या कमी चांदीच्या रुपयापेक्षा लोकांनी जुने रुपये मागे ठेवले काय, या प्रश्नांची उत्तरे घराघरांतील डब्यांतूनच मिळू शकतील. नाणे वितळले अथवा गावाच्या नावाविना विकले गेले की हा पुरावा नष्ट होतो.

त्यादृष्टीने महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने एक साधी नाणेनोंद वही ठेवावी. गाव, नाण्याचे वर्णन, हिजरी व राज्यवर्ष, वजन, व्यास, विशिष्ट गुरुत्व, प्रत, दोष, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि घरात ते कसे आले याची मौखिक माहिती एवढे रकाने पुरेत. नाणे मालकाकडेच राहावे आणि त्याचे नाव गोपनीय ठेवावे. वजन व विशिष्ट गुरुत्व भौतिकशास्त्र विभागाने, धातूविषयक मार्गदर्शन रसायनशास्त्र विभागाने आणि मजकुराचे वाचन उर्दू विभागाने केल्यास हा खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय उपक्रम ठरेल. अधिक अभ्यासासाठी नाशिकजवळील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे प्रकाशित साहित्य हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे आधार आहेत. सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२ मध्ये संग्रहालय सुरू झाले असून परभणीहून रेल्वेने हैदराबादची शैक्षणिक सहलही शक्य आहे.

निष्कर्ष :

१) परभणी जिल्ह्यातील घरांत आढळणारी चारमिनार नाणी हा १९५९ मध्ये संपलेल्या स्वतंत्र चलनव्यवस्थेचा प्रत्यक्ष पुरावा आहे.
२) दारातील अक्षर, हिजरी वर्ष, राज्यवर्ष, धातू व वजन यांच्या आधारे लिपीचे पूर्ण ज्ञान नसतानाही नाण्याची खात्रीलायक ओळख पटविता येते.
३) विशिष्ट गुरुत्वाची परीक्षा महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शक्य असून ती नाण्यास अपाय करीत नाही.
४) टांकसाळदोषाचा खरेपणा नाणे घडविण्याच्या प्रक्रियेतूनच सिद्ध होतो, ज्या विकृतीला त्या प्रक्रियेत स्थान नाही, ती दोष म्हणून मोलाची नाही.
५) ओळख, खरेपणा, प्रत, दुर्मिळता व शेवटी किंमत हा क्रम पाळल्यास भ्रामक जाहिराती व घाईची वितळवणूक या दोहोंपासून संरक्षण मिळते.
६) बहुतेक हाली नाण्यांचे बाजारमूल्य मर्यादित आहे. त्यांचे ऐतिहासिक मूल्य मात्र गावनिहाय नोंदीवर अवलंबून असून, ती नोंद करण्याची साधने जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे आज उपलब्ध आहेत.